लॅपटॉप रुसतो तेव्हा

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतले होते. विज्ञानाशी संबंध शाळेतच सुटला. अशा माणसाने लॅपटॉपच्या बिघाडावर बोलावे हे थोडे विचित्रच. पण गेल्या पावसाळ्यात माझ्यावर एक प्रसंग आला. त्यातून जे शिकलो ते आपल्याही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

आमची अम्मा सोलापूरची. घरात दखनी बोलायची, शेजारणींशी मराठी. जात्यावर बसली की दोन्ही भाषा एकमेकींत मिसळून जायच्या. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तिच्या उशाशी बसून ओव्या, म्हणी, पाळण्याची गाणी वहीत उतरवून घेतली आणि सवडीने लॅपटॉपवर टाइप केली. पुढे घर बदलताना वह्या पावसात भिजल्या. शाई पसरली, अक्षर हरवले. त्याआधीच अम्मा गेली होती. म्हणजे तिचे सारे बोल उरले ते एका यंत्रात आणि एकाच प्रतीत. आणि एके सकाळी बटण दाबले, तर दिवा लागला, पंखा घुर्र करून फिरला, पडदा मात्र काळाच!

धावतपळत एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने यंत्र उघडूनही पाहिले नाही. म्हणाला, ‘‘चाचा, ठेवून जा. फॉरमॅट मारावा लागेल. डेटाची गॅरंटी नाही.’’ फॉरमॅट म्हणजे सारे पुसून कोरी पाटी करणे, एवढे मला ठाऊक होते. मी लॅपटॉप उचलला आणि घरी परत आलो.

माझी भाची पॉलिटेक्निकमध्ये शिकते. संध्याकाळी ती आली. माझा चेहरा पाहून हसली आणि म्हणाली, ‘‘मामू, आधी हे बघा की गाडी अडली कुठल्या स्टेशनावर. मग कुणाला दोष द्यायचा तो द्या.’’ तिने समजावलेली ही तीन स्टेशने लक्षात ठेवली, तर निम्मी भीती तिथेच संपते.

पहिले स्टेशन विजेचे. बटण दाबल्यावर दिवाही नाही, पंख्याचा आवाजही नाही, असे असेल तर यंत्रापर्यंत वीज पोचत नाही असे समजावे. आधी त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा; पुष्कळदा दोष भिंतीतच निघतो. मग अॅडॉप्टर तपासावा. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. अॅडॉप्टर ती उतरवून, बऱ्याच लॅपटॉपांत 19 व्होल्टच्या आसपास आणून यंत्राला देतो. नेमका आकडा अॅडॉप्टरच्या पाठीवर छापलेला असतो. दुसऱ्याचा अॅडॉप्टर लावून बघायचा, तर तो आकडा आणि पिन जुळतात की नाही हे आधी पाहावे. पिन बसली म्हणून व्होल्टही जुळले असे नसते.

एवढ्यावरही हालचाल नसेल, तर एक साधा उपाय आहे. अॅडॉप्टर काढावा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढावी, आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आतल्या भागांत थोडी वीज साठून राहते आणि विजेचा कारभार पाहणारी छोटी चिप कधी कधी अडकून बसते. बटण दाबून धरले की साठलेली वीज निघून जाते आणि ती चिप नव्याने कामाला लागते. नंतर फक्त अॅडॉप्टर लावून यंत्र सुरू करून पाहावे. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला दाबू नये, टोचू नये, चार्जिंगलाही लावू नये. ते काम जाणकाराचे.

दुसरे स्टेशन तपासणीचे. माझी गाडी इथेच अडली होती. वीज मिळाल्यावर विंडोज लगेच येत नाही. आधी बायोस नावाचा, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहणारा कार्यक्रम जागा होतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यासारखी हजेरी घेतो. रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का? कुणी गैरहजर असेल तर तो बीप वाजवून किंवा दिवा लुकलुकवून सांगतो. किती बीप म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

पडदा काळा असेल तर दोन गोष्टी करून बघाव्यात. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. अक्षरे पुसट दिसली तर यंत्र चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. किंवा एचडीएमआयच्या वायरने लॅपटॉप टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र आले तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या वायरीचा. आपले लिखाण शाबूत आहे. माझ्याकडे दोन्हीकडे अंधारच होता. पण भाचीने कान देऊन ऐकले. ‘‘मामू, हा बीप ऐकलात का? रॅम गैरहजर आहे.’’

माझे मशीन जुने, वॉरंटी कधीच संपलेली. तिने अॅडॉप्टर आणि बॅटरी काढली, मागचे झाकण उघडले. हात लावण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला स्पर्श केला. अंगातली स्थिर वीज नाजूक चिपला मारक ठरू शकते म्हणून. मग रॅमची पट्टी अलगद काढली. पावसाळ्यातला दमटपणा आणि धूळ यांनी तिच्या सोनेरी दातांवर मळ चढला होता. तिने तो पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसला, रबराचा भुगा झटकला आणि पट्टी टक् आवाज येईपर्यंत खाचेत बसवली. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याच्या फंदात पडूच नये.

बटण दाबले. पडदा उजळला. खरे सांगतो, माझे डोळे भरून आले.

आता तिसरे स्टेशन. कंपनीचे नाव पडद्यावर येते आणि पुढे गाडी सरकत नाही, किंवा ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो. आधी यूएसबीत पेनड्राइव्ह राहून गेला आहे का ते पाहावे. यंत्र कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसते. घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपत आला असण्याचा संभव असतो. विंडोज 10 किंवा 11 सुरू होता होता लागोपाठ दोन-तीनदा अडखळली, की ती स्वतःच दुरुस्तीचे पान पुढे करते. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि ‘सेफ मोड’ हे पर्याय आधी वापरावेत. ‘रिसेट’ मात्र शेवटी, आणि ‘माझ्या फाइली ठेवा’ की ‘सर्व काढून टाका’ हे दोनदा वाचून.

विंडोज उठतच नसेल तरी धीर सोडू नये. लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करता येतो आणि आतल्या फाइली बाहेर काढता येतात. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची 48 आकड्यांची किल्ली लागते. ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा. हार्ड डिस्क टक्-टक् असा आवाज करीत असेल, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. पुन:पुन्हा चालू केल्याने आतली तबकडी आणखी ओरखडते.

आता त्या दुकानातल्या मुलाच्या फॉरमॅटकडे येऊ. फॉरमॅट हा तिसऱ्या स्टेशनावरचा उपाय. माझी गाडी दुसऱ्यावर अडली होती. रॅमचा दोष डिस्क पुसून कसा जाणार? त्याच्या म्हणण्याला मान डोलावली असती, तर अम्माच्या ओव्या कदाचित गेल्या असत्या, आणि पडदा काळा तो काळाच राहिला असता. म्हणून दुकानात यंत्र देताना स्पष्ट सांगा: मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही. जमल्यास तसे पावतीवर लिहून घ्या.

त्या रात्री आधी अम्माची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, मग भाचीला ई-मेलने पाठवली. दुसऱ्या दिवशी छापून तिची बांधणी करून घेतली. आता तीन ठिकाणी अम्मा बोलते आहे.

आपल्याही लॅपटॉपमध्ये असे कुणीतरी असेल. नातवाचे फोटो असतील, हिशेब असतील, अर्धवट राहिलेली कादंबरी असेल. यंत्र आज बरे चालले आहे ना? मग हे भाषण संपल्यावर एवढे एकच काम करा. त्याची एक प्रत काढून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)