मागणाऱ्या बाईचे नाव उरते

पानिपतावर पडलेल्या पुरुषाचे नाव घराण्याच्या वंशावळीत बहुधा सापडते, त्याच्या मागे राहिलेल्या बाईचे मात्र सापडत नाही. मग सावदा-रावेर भागातला घराण्याचा इतिहास शोधणारा माणूस बखरी आणि लढायांची वर्णने चाळत बसतो. माझ्या मते ही वाटच चुकीची आहे. युद्धात विधवा झालेल्या बाईचा माग रणांगणावर नाही, पैशाच्या कागदात लागतो. ती सरकारदारी काही मागायला उभी राहिली, की कारकुनाला तिचे नाते आणि तिची मुले लिहून घ्यावीच लागतात. जिने काही मागितले नाही, ती दप्तरातून गळली.

अमेरिकेत हे फार ठळकपणे दिसते. तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात, १७८० साली, काँग्रेसने मृत अधिकाऱ्यांच्या विधवांना सात वर्षे निम्मा पगार देण्याचे ठरवले. साध्या शिपायाच्या बायकोला मात्र केंद्राच्या निवृत्तिवेतनासाठी ४ जुलै १८३६ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. तोवर बहुतेक जणी म्हाताऱ्या झालेल्या, कित्येक जणी गेलेल्याही. अर्जासोबत लग्नाचा पुरावा हवा होता, पण सरकारी नोंद सगळीकडे कुठली? जन्म, लग्ने आणि मृत्यू घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहायची रीत होती. अनेकींनी ती पानेच फाडून अर्जाला जोडली. ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि अनेक कुटुंबांच्या हाती आपल्या पणजीची एवढीच खूण उरली आहे. ती सरकारने जपली, पण कौतुकापोटी नव्हे, हिशेबापोटी.

आपल्याकडे ही सोय आधीपासून होती. लढाईत कामी आलेल्याच्या बायकामुलांना मराठी राज्यात बालपरवेशी मिळे, कधी रोख नेमणूक, कधी जमीन. सावद्याचा संबंधही पानिपतच्या पिढीशीच येतो. १७६३ मध्ये निजामाकडून हा मुलूख पेशव्यांकडे आला आणि लवकरच सरदार रास्त्यांना मिळाला. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचे माहेर. पानिपतावर त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव पडला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पती नानासाहेब पेशवेही गेले. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामदारांकडे सनदा आणि वंशावळी मागितल्या. त्याच वर्षी जमीनमोजणीविरुद्ध सावद्याला दहा-पंधरा हजार लोक जमले आणि लष्कर आणावे लागले. सरकारी कागदाचा धसका लोकांना होता, तो उगाच नव्हे.

यावर कोणी म्हणेल, त्या वंशावळीत तरी बायका कुठे आहेत? आक्षेप खरा आहे. सरळ वारस असेल तिथे बाई ‘अमक्याची स्त्री’ एवढीच उरते. पण पती निपुत्रिक पडला, की दत्तक घेणारी तीच. सरकारची मंजुरी, नजराणा, भाऊबंदांची तक्रार या सगळ्यांत तिचे नाव टाळता येत नाही. म्हणून शोध दत्तकाच्या तंट्यापासून सुरू करावा. दुसरा आक्षेप असा की पैशासाठी माणूस खोटेही बोलतो. बोलतो खरे, पण खोट्याचीही चौकशी होते आणि ती चौकशी आपल्याला माहिती देऊन जाते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावरून परतल्यावर वैधव्य मानायला तयार झाल्या नाहीत. १७८३ मध्ये वारल्या तोवर त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. मधल्या काळात भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली आणि १७७६ मध्ये त्याला देहांत शिक्षा झाली. हा खटला नसता तर पार्वतीबाई बखरीतली एक करुण आकृती होऊन राहिल्या असत्या.

अर्थात पेशव्यांच्या घरातल्या बाईचे कागद होतात, एका शिलेदाराच्या बायकोचे होतील याची हमी नाही. पण पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांचे रुमाल अजून पुरते वाचून झालेले नाहीत. सावद्याच्या एखाद्या घरात रास्त्यांच्या वेळची जमीन आणि जुना दत्तक या दोन्ही गोष्टी सांगितल्या जात असतील, तर मोडी वाचणारा सोबत घेऊन तिथे जायला हरकत नाही.