माळ्यावरचा पाहुणा : उदमांजर

रात्री निजानीज झाली की माळ्यावर धपधप पावले वाजू लागतात. उंदीर म्हणावा तर आवाज जड, आणि घरचे मांजर तर चुलीपाशी झोपलेले! सकाळी कौले सरकलेली दिसली, गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा आढळली, तर ओळखावे की उदमांजर वस्तीला आले आहे. कित्येक ठिकाणी यालाच कांडेचोर म्हणतात.

हा प्राणी मांजराच्या कुळातला नव्हे. वजन २ ते ५ किलो, रंग काळसर करडा, शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब. दिवसा तो झाडाच्या ढोलीत किंवा माळ्यावर झोपतो आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतो. लख्ख चांदण्यात मात्र कमी हिंडतो.

हंगामाप्रमाणे त्याचे खाणे बदलते. उन्हाळ्यात आंबा, जांभूळ; एरवी उंबर, केळी, पपई, चिकू. जोडीला उंदीर आणि किडे. खुराडे उघडे सापडले तर अंडी व कोंबडीची पिलेही तो सोडत नाही. परंतु फळांबरोबर गिळलेल्या बिया दूरवर पडून रुजतात, हा त्याचा उपकारही विसरू नये.

मादी सुमारे दोन महिने गाभण राहते व २ ते ५ पिले देते. पिले वर्षात केव्हाही होतात, पण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अधिक दिसतात. त्यांचे डोळे अकराव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. दोनएक महिने ती दुधावर असतात. वर्षभरात वयात येतात.

म्हणून घाईने भोक बुजवू नका. आई बाहेर राहिली तर आत पिले उपाशी मरतील, आणि आई कौले उचकटील ते वेगळेच. थोडा धीर धरा. पिले मोठी होऊन गेल्यावर भोकापाशी राख पसरा. दोन-तीन रात्री पावले उमटली नाहीत, तरच भोक बंद करा. छपराला टेकलेल्या फांद्या छाटा. खुराड्याला बारीक जाळी व घट्ट कडी लावा. पिकलेली फळे वेळेवर उतरवा.

उदमांजर मुले पळवते ही भीती निराधार आहे. मात्र कोंडले तर ते चावते. चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला पकडणे वा मारणे गुन्हा आहे. अडचण आली तर वनरक्षकाला कळवा.