संगणकीय पटावरील नगरे : वाढ आणि विस्तार

नगरांची वाढ कोणत्या कारणांनी होते, हा प्रश्न भूगोल, अर्थशास्त्र आणि इतिहास या तिन्ही शास्त्रांनी आपापल्या परीने हाताळला आहे. या शास्त्रांच्या कक्षेबाहेर, केवळ मनोरंजनाच्या हेतूने, याच प्रश्नाचे एक अत्यंत तपशीलवार उत्तर गेली तीन दशके घडत आले आहे, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हे उत्तर म्हणजे 'सिव्हिलायझेशन' या नावाची संगणकीय खेळांची मालिका होय. सिड मायर यांनी ब्रूस शेली यांच्या साहाय्याने रचलेला या मालिकेतील पहिला खेळ मायक्रोप्रोज या अमेरिकन संस्थेने 1991 साली प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि 2025 साली सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. हा खेळ बुद्धिबळाप्रमाणे फेरीफेरीने चालतो. खेळणारा इसवी सनापूर्वी 4000 या वर्षी आरंभ करतो, एक नगर वसवितो आणि तेथून एका संस्कृतीची वाटचाल आधुनिक काळापर्यंत नेतो. युद्धे, शोध, तह, धर्म हे सर्व त्यात आहे. परंतु या साऱ्यांना लागणारे द्रव्य, धान्य व ज्ञान नगरांतूनच निर्माण होत असल्यामुळे नगराचे व्यवस्थापन हाच या खेळाचा पाया आहे.

आरंभीच्या आवृत्तीतील नगर हे वस्तुतः एक जमाखर्चाचे पान आहे. पटावर नगराभोवती पाच गुणिले पाच घरांचा चौरस कल्पून त्याचे चार कोपरे वगळले, म्हणजे नगराच्या मध्यघरासह 21 घरे उरतात. हे नगराचे शिवार. लोकसंख्येचा प्रत्येक एकक यांपैकी एका घरावर राबतो आणि त्या घराच्या जातीनुसार धान्य, उत्पादनशक्ती व व्यापार मिळवितो. प्रत्येक एकक दर फेरीस 2 माप धान्य खातो. गवताळ जमीन 2 मापेच पिकविते; म्हणजे तिच्यावर राबणारा स्वतःचे पोट तेवढे भरतो. वाढावा हवा असेल तर पाट काढून जमीन भिजविली पाहिजे किंवा अधिक सकस भूमी शोधली पाहिजे. हा वाढावा कोठारात साठत जातो आणि कोठार भरले की लोकसंख्या एकाने वाढते. डोंगराळ जमीन धान्य थोडे देते, पण उत्पादनशक्ती अधिक देते. साहजिकच खेळणाऱ्यापुढे पहिल्याच फेरीपासून एक पेच उभा असतो : माणसे शेतात लावून लोकसंख्या वाढवावी, की खाणीत लावून कोठार, मंदिर किंवा तटबंदी लवकर पुरी करावी? अनुभवी खेळाडू बहुधा आधी धान्याकडे वळतो. आज वाढलेला माणूस पुढील शंभर फेऱ्या राबणार असतो. आज बांधलेली तटबंदी कदाचित कधीच उपयोगी पडणार नसते.

योहान हाइनरिख फोन थ्यूनेन यांनी 1826 साली एका एकाकी राज्याची कल्पना मांडली होती. सपाट मैदान, मध्यभागी एकच नगर आणि त्याभोवती शेतीची वर्तुळे, अशी ती कल्पना होती. तिचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. परंतु एक भेद मूलभूत आहे. थ्यूनेन यांच्या मांडणीत अंतरानुसार वाहतुकीचा खर्च वाढतो आणि त्यावरून कोणते पीक कोठे घ्यावे हे ठरते. खेळातील शिवारात दोन घरे दूर असलेले शेत नगराला लागून असलेल्या शेताइतकेच मोलाचे असते. शिवाराच्या हद्दीच्या आत अंतराला काहीच किंमत नाही, आणि हद्दीबाहेरची जमीन कितीही सुपीक असली तरी त्या नगराला निरुपयोगी आहे.

या एका नियमातून आरंभीच्या आवृत्त्यांचा सर्वांत मोठा दोष उत्पन्न झाला. नगर वाढवावे, की नवी नगरे वसवीत जावे? हिशेब केला तर उत्तर एकच येत असे. नगराच्या मध्यघराचे उत्पन्न कोणी न राबताच मिळते. त्यामुळे 10 लोकसंख्येचे एक नगर एकूण 11 घरांचे उत्पन्न घेते, तर प्रत्येकी 1 लोकसंख्येची 10 नगरे 20 घरांचे उत्पन्न घेतात. शिवाय लहान नगराचे कोठार लहान असल्याने ते लवकर भरते. तिसरे असे की, प्रत्येक नगरातील पहिले काही नागरिक आपोआप संतुष्ट असतात आणि असंतोष त्यापुढे सुरू होतो. मग मंदिरे, बाजार, जलसेतू यांवर खर्च करून मोठे नगर उभारण्याचा खटाटोप कशासाठी? चतुर खेळाडू दोन-दोन घरांच्या अंतराने खुज्या नगरांची दाटी करीत जात. पट जिंकला जाई. परंतु ज्याला महानगर म्हणता येईल असे काही त्यावर उभे राहत नसे. अथेन्स आणि रोम यांच्या नावांनी पटावर खेडीच पसरलेली असत. (त्या पहिल्या आवृत्तीतील भारताच्या नगरनामावलीत दिल्ली, मुंबई, मद्रास यांच्याबरोबर कोल्हापूरचेही नाव आहे, ही मराठी खेळाडूला सुखावणारी गोष्ट. पण वरील हिशेबापुढे कोल्हापूर काय आणि मुंबई काय, दोघांची गत सारखीच होई.)

पुढील प्रत्येक आवृत्तीने या बेसुमार विस्ताराला निराळा अंकुश लावून पाहिला, आणि प्रत्येक अंकुशात राज्यसंस्थेविषयीचे एकेक गृहीत दडलेले आहे. 2001 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत भ्रष्टाचारावर भर देण्यात आला. राजधानीपासूनचे अंतर आणि नगरांची संख्या वाढेल तसतसे दूरच्या नगरांचे उत्पन्न गळत जाई, आणि न्यायालय बांधूनही ही गळती पुरती थांबत नसे. टोकाच्या नगरांतून जवळजवळ काहीच हाती लागत नसे. हा उपाय कठोर होता, पण प्रभावी मात्र नव्हता. कारण निरुपयोगी का होईना, नगर असणे हे नसण्यापेक्षा बरेच ठरे. सोरेन जॉन्सन यांनी रचलेल्या 2005 सालच्या चौथ्या आवृत्तीने ही चूक नेमकी ओळखली. तीत नवे नगर उत्पन्न गमावीत नाही. ते खजिन्यातून प्रत्यक्ष देखभालखर्च मागते. घाईने पाच-सहा नगरे वसविणाऱ्याचा खजिना रिकामा होतो आणि विद्येचे काम थांबते. विस्तार निषिद्ध नाही, तो पेलला पाहिजे, इतकेच. या मालिकेत सापडलेले हे सर्वांत समंजस उत्तर म्हणावे लागेल. 2010 सालच्या पाचव्या आवृत्तीने संपूर्ण राज्याचे समाधान एकाच हौदात साठविले. प्रत्येक नगर त्यातून 3 आणि प्रत्येक नागरिक 1 माप उपसतो. 2013 साली जोडलेल्या भागात प्रत्येक नव्या नगरामुळे शोधांची किंमतही वाढू लागली. प्रमाण आकाराच्या पटावर ही वाढ दर नगरास 5 टक्के होती. परिणामी लोलक दुसऱ्या टोकाला गेला आणि चार भरभक्कम नगरे वसवून स्वस्थ बसणे हाच शहाणपणाचा मार्ग होऊन बसला.

चौथ्या आवृत्तीतील आणखी एक नियम स्वतंत्र विचारास पात्र आहे, कारण जमाखर्चाच्या पानावर नागरिक कशा रूपाने उभा असतो हे त्यावरून स्पष्ट दिसते. या आवृत्तीत कांस्यविद्या साध्य झाल्यावर 'गुलामगिरी' हे राज्यधोरण उपलब्ध होते. ते स्वीकारल्यास नगरातील लोकसंख्या खर्ची टाकून चालू बांधकाम तत्काळ पुरे करता येते. साधारण गतीच्या डावात लोकसंख्येच्या एका एककाबद्दल 30 माप उत्पादनशक्ती मिळते. समजा 6 लोकसंख्येच्या नगराने 2 एकक खर्ची घातले. 60 मापे हाती आली आणि लोकसंख्या 4 वर आली. या आवृत्तीत 4 वरून 5 होण्यास 28 आणि 5 वरून 6 होण्यास 30, मिळून 58 माप धान्य लागते. परंतु नगरात धान्यकोठार असेल तर प्रत्येक वाढीनंतर निम्मे धान्य शिल्लक राहते. म्हणजे खरा खर्च सुमारे 29 मापांचा. एकोणतीस मापे धान्य देऊन साठ मापे उत्पादन! दंड काय, तर त्या नगरात दहा फेऱ्यांपुरता असंतोष एका मापाने वाढतो. गेलेले दोघे त्या काळात राबले असते तर जे मिळाले असते ते वजा केले पाहिजे हे खरे. तरीही सुपीक शिवाराच्या नगरात हा व्यवहार किफायतशीरच ठरतो. म्हणूनच निष्णात खेळाडूंत ती नित्याची रीत होऊन बसली.

येथे खेळ क्रूर आहे असे म्हणून थांबणे पुरेसे नाही. पिरॅमिडे आणि वेठीचे रस्ते ज्या समाजांनी उभारले त्यांचे गणित फारसे वेगळे नव्हते. हे गणित लपविण्याऐवजी उघड मांडले याबद्दल रचनाकारांना श्रेयच द्यावे लागेल. खटकते ते दुसरे. दहा फेऱ्यांनंतर नगराला काहीही आठवत नाही. ज्या शेजाऱ्याच्या जागी आपण जन्मलो तो कसा गेला, हे नव्या नागरिकाच्या गावीही नसते. दास्य ज्यांनी सोसले त्या समाजांच्या स्मृती शतके पुरतात आणि त्यांतून चळवळी उभ्या राहतात. खेळात याचा मागमूस केवळ एका ठिकाणी आहे. डावाच्या उत्तरार्धात एखाद्या राष्ट्राने 'मुक्ती'चे धोरण स्वीकारले की ते न स्वीकारणाऱ्या इतर राष्ट्रांच्या प्रजेत असंतोष पसरतो. म्हणजे जाब विचारला जातो, पण तो स्वतःच्या भूतकाळाच्या नव्हे, शेजाऱ्याच्या उदाहरणाच्या नावाने.

खऱ्या अर्थाने भूगोल या मालिकेत अवतरला तो 2016 साली. सहाव्या आवृत्तीपर्यंत मंदिर, ग्रंथालय, बाजार हे सारे नगराच्या एकाच घरात सामावत असे. एड बीच यांच्या नेतृत्वाखाली रचलेल्या या आवृत्तीने नगराच्या पेठा वेगळ्या करून त्या भोवतालच्या षट्कोनी घरांवर मांडल्या. विद्यासंकुलाला लगतच्या प्रत्येक पर्वतामुळे लाभ मिळतो, व्यापारी पेठेला नदीकाठ मानवतो, कारखान्यांना जवळ खाणी हव्यात. पेठांची संख्याही लोकसंख्येशी बांधलेली आहे : पहिली पेठ लगेच, दुसरी 4, तिसरी 7 आणि चौथी 10 लोकसंख्येला. पेठ ज्या घरावर येते तेथील शेत नाहीसे होते. म्हणजे नगर स्वतःच्याच अन्नावर पसरत जाते. प्रत्येक शहराच्या सीमेवरील शेतकऱ्याला हा अनुभव परिचित आहे.

वाढीची गणितेही येथे अधिक अर्थपूर्ण झाली. सहाव्या आवृत्तीत 1 वरून 2 लोकसंख्या होण्यास 15 माप धान्य लागते, 5 वरून 6 होण्यास 55 आणि 10 वरून 11 होण्यास 114. सहाव्या आवृत्तीत केवळ धान्य पुरत नाही. वस्तीची क्षमताही असावी लागते, आणि ती पाण्यावर अवलंबून आहे. नदी वा सरोवराकाठच्या नगराची मूळ क्षमता 5, समुद्रकाठच्या नगराची 3 आणि कोरड्या जागेची अवघी 2. क्षमता एकने उरली की वाढीचा वेग निम्मा होतो, ती संपली की चौथाईवर येतो, आणि लोकसंख्या क्षमतेच्या पाचने पुढे गेली की वाढ पूर्णपणे थांबते. म्हणून जाणता खेळाडू नगर वसविण्यापूर्वीच नकाशावर खुणा करून ठेवतो. जलसेतू नगराला आणि डोंगराला वा नदीला एकाच वेळी लागून असला पाहिजे, तेव्हा ती जागा आधी राखावयाची. डोंगरांच्या बेचक्यातील घर विद्यासंकुलासाठी. पेठेची किंमत काळाबरोबर वाढत जाते, परंतु जागा निश्चित केली त्या दिवसाची किंमत कायम राहते. यास्तव काम पुढे करावयाचे असले तरी जागा लवकर अडवून ठेवण्यात लाभ असतो. नगररचनेचा आराखडा आधी आणि वस्ती मागाहून, हा क्रम खऱ्या नगरांच्या बाबतीत क्वचितच शक्य होतो.

इतकी सूक्ष्मता येऊनही मूळ गृहीत मात्र बदलले नाही. खेळातील नगर आपल्या कोठारातून जन्मलेल्या माणसांनी वाढते. मुंबईचे उदाहरण घेतले तर हे गृहीत किती अपुरे आहे ते लगेच ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते नगर वाढले ते साष्टीच्या भातशेतीवर नव्हे. कापडगिरण्या निघाल्या आणि रत्नागिरी, सातारा या भागांतून माणसे आली. त्या काळी शहरात राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य शहराबाहेर जन्मलेले होते. त्यांचे कुटुंब गावी असे, पैसा गावी जाई, आणि धान्य रेल्वेने व जहाजांनी दुरून येई. हे गाव आणि शहर यांतील येणेजाणे खेळाच्या पटावर दिसत नाही. वसाहतकऱ्यांचा तांडा एका नगरातून काढून दुसऱ्यात मिळविण्याची सोय पहिल्या आवृत्तीतही आहे. पण तो तांडा हुकुमाने निघतो. कोणी आपण होऊन पोटासाठी वाट धरीत नाही.

दुसरी उणीव नगरांच्या श्रेणीची होती. वॉल्टर क्रिस्टालर यांनी दक्षिण जर्मनीतील वस्त्यांचा अभ्यास करून 1933 साली मध्यवर्ती स्थळांचा सिद्धांत मांडला. बाजारगावांची क्षेत्रे षट्कोनी असतात आणि लहान गावे, मोठी गावे व नगरे यांची उतरंड असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खेळाने 2010 साली षट्कोन स्वीकारला, पण तो केवळ पटाच्या सोयीसाठी. उतरंड तेथे नव्हती. प्रत्येक नगर दुसऱ्याचे बरोबरीचे आणि शेजारच्या जमिनीसाठी प्रतिस्पर्धी. अंतर्गत व्यापारमार्गाने एका नगराचे धान्य दुसऱ्याकडे वळविता येई, तेवढाच काय तो अपवाद.

2025 सालच्या सातव्या आवृत्तीने या जागी पहिल्यांदा मोठा बदल केला. तीत नवी वस्ती आधी 'गाव' म्हणून जन्मते. गावाची उत्पादनशक्ती द्रव्यात रूपांतरित होते, आणि द्रव्य खर्चून त्याला शहराचा दर्जा देता येतो. ज्या गावाला तो दर्जा दिला नाही, ते एखाद्या कामात विशेष प्रावीण्य मिळविते आणि आपले धान्य जोडलेल्या शहरांना पाठविते. त्यामुळे शहराचे शिवार आता शहराच्या हद्दीपुरते राहिलेले नाही. विस्तार आणि वाढ यांतील जुना कलहही त्यामुळे निराळ्या स्वरूपात आला आहे : किती नगरे वसवावी हा प्रश्न मागे पडून, कोणत्या वस्तीला शहर होऊ द्यावे आणि कोणतीला दुसऱ्यासाठी पिकवीत ठेवावे, हा निर्णय खेळाडूला घ्यावा लागतो. वस्त्यांच्या एकूण संख्येवर मर्यादा असून ती ओलांडल्यास समाधान घटते. गावाने शहराला धान्य पाठविल्यावर गावाकडे परत काय येते, याची नोंद मात्र या आवृत्तीच्या हिशेबातही कोठे आढळत नाही.