पट्ट्यांचा गिअरबॉक्स : आधी निदान, मग पाना

दिल्लीतल्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग ओळखीचा आहे तो महाराष्ट्र सदनामुळे. मंडी हाऊसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्या कोपर्निकस यांचा ग्रंथ 1543 मध्ये प्रसिद्ध झाला आणि सूर्य विश्वाच्या मध्यभागी आला. आजच्या आपल्या विषयातही मध्ये सूर्य आहे आणि भोवती ग्रह आहेत. फरक इतकाच, की हे सगळे एका पेटीत, तेलात बुडून फिरते. यंत्रशास्त्रात त्याला ‘ग्रहमाला गिअर’ म्हणतात.

दिल्लीत 1964 पासून ‘स्टेट्समन’ची जुन्या मोटारींची रॅली भरते. अशा मेळाव्यांत भाव खाणारी गाडी म्हणजे फोर्ड मॉडेल टी. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. डांबरी रस्ते दुर्मीळ असलेल्या काळात चिखल, चाकोऱ्या आणि चढ यांतून जाण्यासाठी ही उंच गाडी बनवली होती. त्या अर्थाने ती आपल्या काळातली ऑफ-रोड गाडीच. तिचा गिअरबॉक्स पट्ट्यांवर चालतो. आज तो दुरुस्त करणारे हात कमी उरले आहेत, म्हणून त्याची रीत समजून घेऊ.

आधी रचना पाहू. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर तीन खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीवर 27, 33 आणि 24 दात्यांची तीन चक्रे एकत्र जोडलेली असतात. हे झाले ग्रह. मधोमध एकाच रेषेत तीन सूर्य असतात. 27 दात्यांचा सूर्य मागच्या चाकांकडे शक्ती नेतो. 21 दात्यांचा सूर्य पहिल्या गिअरच्या ड्रमला आणि 30 दात्यांचा सूर्य रिव्हर्सच्या ड्रमला जोडलेला असतो. पेडल दाबले की त्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळतो आणि ड्रम थांबतो. सूर्य थांबला की ग्रहांना त्याच्याभोवती लोळत जावे लागते, त्यातून वेग बदलतो.

हिशेब सोपा आहे. 21 भागिले 33 म्हणजे 0.64. एकातून ते वजा केले की 0.36 उरतात. म्हणजे इंजिनाच्या पावणेतीन फेऱ्यांना पुढे एक फेरा. रिव्हर्समध्ये 30 भागिले 24 म्हणजे 1.25. एकातून वजा केल्यावर उणे पाव उरतो. म्हणजे इंजिनाच्या चार फेऱ्यांना एक उलटा फेरा. रिव्हर्सची ओढ पहिल्या गिअरपेक्षा जास्त असल्याने अवघड चढावर लोक ही गाडी उलटी चढवत. तिसरा पट्टा ब्रेकचा. वरच्या गिअरला मात्र पट्टा लागत नाही. तिथे अनेक चकत्यांचा क्लच सगळी माळ एकसंध फिरवतो.

या रचनेत दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. गिअर बदलताना ते एकमेकांवर आदळत नाहीत, म्हणून सहसा तुटतही नाहीत. झिजते ते पट्ट्याचे अस्तर. त्यामुळे बिघाड आला की लगेच पेटी उतरवू नका. आधी लक्षणे वाचा.

फक्त पहिल्या गिअरला गाडी घसरत असेल, तर त्याच पट्ट्यात मोकळीक वाढली आहे. त्याचा स्क्रू पेटीच्या बाहेर, उजव्या बाजूला असतो. लॉकनट सैल करून स्क्रू थोडा आत घ्या. रिव्हर्स आणि ब्रेकचे नट मात्र वरचे झाकण काढल्यावरच हाती लागतात. त्या वेळी खाली फडके कोंबून ठेवा, कारण आत पडलेला एक नट पूर्ण पेटी उतरवायला लावतो. गाडी वरच्या गिअरला घसरत असेल, तर पट्टे आवळून उपयोग नाही. दोष क्लचचा आहे. त्याच्या तिन्ही बोटांचे स्क्रू सारखेच, अर्धा-अर्धा फेरा फिरवावेत.

न्यूट्रलमध्येही गाडी पुढे सरकत असेल, तर सावध व्हा. थंडीत घट्ट झालेले तेल, पहिल्या गिअरचा जास्त आवळलेला पट्टा किंवा नीट न सुटणारा क्लच, यांपैकी एक कारण असते. समोर उभे राहून हँडल मारणाऱ्याच्या अंगावर गाडी येऊ शकते. म्हणून आधी चाकांना उटी लावा, मग कारण शोधा.

पुष्कळांना वाटते, पट्टा जितका घट्ट तितका चांगला. तसे नाही. पेडल सोडल्यावर पट्टा ड्रमला घासत राहिला, तर तो सतत ब्रेकचे काम करतो. अस्तर जळते, ड्रम तापतो, इंजिनही गरम होते. पेडल सोडल्यावर ड्रम मोकळा फिरला पाहिजे आणि पेडल फळीला टेकायच्या आत पट्ट्याने पकड घेतली पाहिजे. योग्य जागा या दोन्हींच्या मध्ये असते.

नवे अस्तर लावताना पट्टा गोल आहे ना, हे ड्रमवर ठेवून पाहा. रिव्हेटचे डोके अस्तराच्या आत बसलेले असावे, नाहीतर ते ड्रमला चरे पाडते. सुती अस्तर ड्रमला सौम्य असते, पण त्याचे तंतू तेलात मिसळून तेलाची नळी तुंबवतात. केवलार जास्त टिकते, पण ते घसरत ठेवले तर ड्रम तापून तडकू शकतो. पूर्ण पेटी उघडलीच, तर ड्रमच्या तडा आणि बुशची झीज तपासा. ग्रहचक्रे परत बसवताना दात्यांवरच्या खुणा जुळवा. खुणा चुकल्या तर माळ बसणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून याच पेटीत आहे. त्याचा जोर मागच्या आसातून चाकांपर्यंत पोहोचतो. त्या आसात मऊ बॅबिट धातूच्या जुन्या चकत्या असतात. त्या भुगा होऊन निसटल्या, की पेटीतला पट्टा कितीही उत्तम असला तरी उतारावर ब्रेक लागत नाही. म्हणून पेटी दुरुस्त करणाऱ्याने मागचा आस उघडून तिथे काशाच्या चकत्या बसवल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये.

हेच तत्त्व पुढे रणगाड्यांत गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या वॉल्टर विल्सन यांनी पट्ट्यांचा सुधारित गिअरबॉक्स तयार केला. त्यात झिजेनुसार पट्टा आपोआप आवळला जाई. दुसऱ्या महायुद्धातल्या मटिल्डा रणगाड्यात त्यांचाच सहा गतींचा गिअरबॉक्स होता. असा मटिल्डा आपल्या अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात उभा आहे. हे संग्रहालय 1994 मध्ये सुरू झाले. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना चिलखताच्या जाडीबरोबर ही पट्ट्यांची युक्तीही सांगा.

जुनी गाडी रंगवून उभी करणे सोपे असते. ती चढ चढून सुखरूप खाली यावी, यासाठी लक्षण ओळखणारा कान आणि मोकळीक जाणणारा हात लागतो. ज्यांच्याकडे ही विद्या आहे, अशा मिस्त्रींकडून ती वेळेत शिकून घ्या.