हेटाळणीपासून गौरवापर्यंत : ‘लोला मोंतेस’

पॅरिसमधील मारिन्याँ चित्रपटगृहात २२ डिसेंबर १९५५ रोजी ‘लोला मोंतेस’ हा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला, तेव्हा युरोपातील तोवरच्या सर्वांत खर्चिक चित्रपटांत त्याची गणना होत होती. रंगीत छायाचित्रण, रुंद पडद्यावरील सिनेमास्कोप, स्टिरिओ ध्वनी, देशोदेशींचे नट आणि नायिकेच्या भूमिकेत फ्रान्सची त्या काळची सर्वांत लोकप्रिय अभिनेत्री मार्तीन कारोल, असा सारा जामानिमा होता. प्रत्यक्षात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पैसे परत मागितले, पोलिसांना पाचारण करण्याची वेळ आली. हा चित्रपट नेहमीच्या धाटणीचा नाही, असा इशारा तिकीट काढण्यापूर्वीच प्रेक्षकांना देण्याची नामुष्की चित्रपटगृहावर ओढवली.

हाच चित्रपट २००८ मध्ये कान महोत्सवात पुनरुज्जीवित स्वरूपात दाखविला गेला, तो जागतिक चित्रपटकलेचा मानबिंदू म्हणून. अभिरुची बदलली, असे म्हणून या प्रवासाचा उलगडा करता येईल, आणि तो काही अंशी खराही आहे. परंतु ‘लोला मोंतेस’च्या बाबतीत केवळ मत बदलले नाही, तर ज्याविषयी मत द्यायचे तो चित्रपटच मधल्या काळात अनेकदा बदलला. त्यामुळे त्याच्या समीक्षेचा इतिहास सांगताना कोणत्या समीक्षकाने नेमके काय पाहिले होते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

चित्रपटाची नायिका ऐतिहासिक आहे. आयर्लंडमध्ये १८२१ साली जन्मलेली एलायझा गिल्बर्ट हीच पुढे ‘स्पॅनिश नर्तिका’ लोला मोंतेझ म्हणून मिरवली. तिचे बालपण हिंदुस्थानात गेले. लष्करात असलेले तिचे वडील पाटण्याजवळच्या दानापूर येथे पटकीने दगावले. सोळाव्या वर्षी लेफ्टनंट जेम्स याच्याबरोबर पळून जाऊन तिने लग्न केले आणि त्याच्यासोबत ती पुन्हा हिंदुस्थानात आली. हा संसार टिकला नाही. पुढे बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग तिच्यावर इतका भाळला, की त्याने तिला सरदारकी दिली. तिच्याविरुद्धच्या जनक्षोभाचा १८४८ मधील त्याच्या पदत्यागात मोठा वाटा होता.

अशा चरित्रावर भरजरी पोशाखांचा, काहीसा चावट प्रणयपट सहज निघाला असता. निर्मात्यांना बहुधा तोच हवा होता. ज्या सेसिल सँ-लोराँ यांच्या कादंबरीवर चित्रपट बेतला, त्यांच्याच नायिकेवरील ‘कारोलिन शेरी’ने १९५१ मध्ये मार्तीन कारोल यांना तारकापद मिळवून दिले होते. लोकांनी तिकिटे काढली ती त्या कारोलिनसाठी. दिग्दर्शक मॅक्स ओफुल्स यांनी त्यांच्यापुढे ठेवली एक सर्कस. न्यू ऑर्लिन्समधील या सर्कशीत उतरणीला लागलेली लोला हीच मुख्य आकर्षण आहे. चाबूकधारी सूत्रधार (पीटर उस्तिनोव्ह) तिच्या प्रियकरांची कहाणी कसरतींच्या रूपाने विकतो. अधूनमधून तिच्या आठवणी उलगडतात, पण कालक्रमाने नव्हे. संगीतकार लिस्टशी झालेली ताटातूट आधी, आईबरोबरचा बोटीचा प्रवास नंतर आणि बव्हेरियाचा राजा सर्वांत शेवटी. खऱ्या लोलाने व्याख्याने दिली, रंगमंचावर स्वतःचीच भूमिका केली, पण ती सर्कशीत कधीच नव्हती. ही कल्पना सर्वस्वी चित्रपटाची. ज्यूडी गार्लंड आणि झा झा गाबोर या तारकांच्या खासगी आयुष्याचा वृत्तपत्रांनी मांडलेला बाजार पाहून आपल्याला ती सुचल्याचे ओफुल्स सांगत. म्हणजे तिकीट काढून लोलाची लफडी पाहायला आलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर दिसले ते तिकीट काढून लोलाची लफडी पाहायला आलेले प्रेक्षक. तो चिडला यात नवल नाही.

चिडण्याची आणखीही कारणे होती. पात्रे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत, निरनिराळ्या भाषांत बोलत, अर्धे वाक्य गोंगाटात हरवत असे. आज ही ध्वनियोजना काळाच्या पुढची मानली जाते, तेव्हा मात्र ‘काही ऐकू येत नाही’ अशी सरळ तक्रार होती. सिनेमास्कोपची रुंदी हे जाहिरातीतले मोठे भांडवल, तर ओफुल्स आणि छायाचित्रकार क्रिस्तियाँ मात्रा हे पडदे, खांब किंवा काळोखाच्या पट्ट्या वापरून दोन्ही कडा झाकून टाकीत आणि जिव्हाळ्याचे दृश्य मधल्या चिंचोळ्या जागेत बसवीत. पैसे रुंद पडद्याचे मोजले आणि पाहायला मिळाला अरुंद!

वृत्तपत्रांतील अनेक समीक्षकांनी प्रेक्षकांचीच री ओढली. बचावाला धावले ते प्रामुख्याने दिग्दर्शक. जाँ कॉक्तो, रोबेर्तो रोसेलिनी, जाक बेकर, जाक ताती, आलेक्सांद्र आस्त्र्युक, पिएर कास्त आणि क्रिस्तियाँ-जाक यांच्या सह्यांचे पत्र जानेवारी १९५६ मध्ये ‘ल फिगारो’त प्रसिद्ध झाले. (यांपैकी क्रिस्तियाँ-जाक हे मार्तीन कारोल यांचे तेव्हाचे पती. तेवढी एक सही घरची होती, असे म्हणायला हरकत नाही.) समीक्षकांमध्ये सर्वांत आवेशाने लढले ते २३ वर्षांचे फ्रान्स्वा त्रूफो. दोनच वर्षांपूर्वी याच त्रूफोंनी ‘काइए द्यु सिनेमा’तील गाजलेल्या लेखात, पटकथाकारांच्या तंत्रावर चालणाऱ्या गुळगुळीत फ्रेंच ‘दर्जेदार’ चित्रपटांवर कोरडे ओढले होते. कादंबरीवर आधारलेला, भव्य नेपथ्याचा, तारकाप्रधान ‘लोला मोंतेस’ वरवर पाहता त्याच जातकुळीचा. पण ज्या मोजक्या दिग्दर्शकांना त्रूफोंनी त्या लेखात अपवाद मानले होते, त्यांत ओफुल्स होते. साहित्य कोणते यापेक्षा दिग्दर्शकाची दृष्टी कोणती, हा त्यांचा निकष होता आणि ‘लोला मोंतेस’ ही त्याची पहिली अवघड परीक्षा ठरली. एरवी हा निकष अनेक सुमार चित्रपटांना तारण्यासाठीही वापरला गेला. येथे मात्र तो योग्य जागी लागू पडला.

पत्राचा उपयोग झाला नाही. निर्मात्यांनी चित्रपटात फेरफार सुरू केले आणि १९५७ मध्ये त्याची सुमारे ९० मिनिटांची आवृत्ती बाजारात आणली. तीत आठवणी कालक्रमाने लावून दिल्या होत्या. वरकरणी ही किरकोळ सोय वाटेल, पण या चित्रपटाचा सगळा अर्थ क्रमातच आहे. सर्कशीतील झगमगीत खोटे आणि आठवणीतील अबोल खरे ही दोन्ही एकमेकांवर आदळतात, म्हणूनच लोलाची कहाणी प्रेमकथा न राहता प्रेमाच्या विक्रीची कथा होते. त्या आठवणी सरळ ओळीत मांडल्या की उरते ते एका नर्तिकेचे चरित्र, तेही तुटक. अमेरिकेत तर ‘लोलाची पापे’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली आणखी कापलेली आवृत्ती दाखविण्यात आली. नाझी राजवट येताच १९३३ मध्ये जर्मनी सोडलेले, फ्रान्स आणि हॉलिवूड असा प्रवास केलेले ओफुल्स २६ मार्च १९५७ रोजी हृदयविकाराने हॅम्बुर्ग येथे निवर्तले. वय ५४. ‘लोला मोंतेस’ हा त्यांचा एकमेव रंगीत आणि अखेरचा चित्रपट.

त्यानंतरची काही वर्षे हा चित्रपट पाहिला गेला त्यापेक्षा अधिक ऐकला गेला. जाक देमी यांनी १९६१ मध्ये आपला पहिला चित्रपट ‘लोला’ ओफुल्स यांना अर्पण केला. अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६३ मध्ये ‘लोला मोंतेस’ हा आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट असल्याचे जाहीर केले आणि त्यासाठी समीक्षक म्हणून स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावण्याची तयारी दाखविली. अशा विधानांत अतिशयोक्ती असतेच, पण त्या अतिशयोक्तीने एक काम केले. तुकड्यांत विखुरलेल्या चित्रपटाचा शोध घेणे अगत्याचे ठरले. निर्माते पिएर ब्राँबर्जे यांनी हक्क विकत घेऊन १९६८ मध्ये मूळ क्रमाची, सुमारे ११० मिनिटांची प्रत प्रदर्शित केली. एका पिढीला ‘लोला मोंतेस’ सुसंगत रूपात प्रथम दिसला तो तेव्हा. पुढे म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाने जर्मन भाषेतील आवृत्तीची पुनर्रचना केली, तर सिनेमातेक फ्राँसेजने ओफुल्स यांचे पुत्र, माहितीपटकार मार्सेल ओफुल्स यांच्या सहभागाने २००८ ची प्रत सिद्ध केली. तीत प्रत्येक पर्वाची स्वतंत्र रंगसंगती आणि मूळ ध्वनी परत आले. १९५५ साली ज्या गोंगाटाची तक्रार झाली होती तो गोंगाट आता जाणीवपूर्वक दुरुस्त करून ऐकवला जातो, ही गंमत नोंदवायला हवी.

मतभेद मिटले असे मात्र नाही. स्वतः सॅरिस यांनीच पुढे ओफुल्स यांच्या ‘मादाम द…’ (१९५३) या चित्रपटाला ‘लोला मोंतेस’च्या वरचे स्थान दिले, आणि ही निवड चुकीची म्हणता येणार नाही. ‘मादाम द…’मध्ये भावनेची जी घट्ट वीण आहे ती येथे जागोजागी सैल पडते. दुसरा मुद्दा मार्तीन कारोल यांचा. त्यांचा चेहरा निर्विकार आहे, राजे आणि कलावंत जिच्यासाठी वेडे होतील अशी ही स्त्री वाटत नाही, हा आक्षेप चित्रपटाचे चाहतेही पूर्णपणे नाकारत नाहीत. त्यावर बचाव असा, की सर्कशीतील लोला ही आता व्यक्ती नसून प्रदर्शनातील वस्तू आहे आणि त्या थिजलेपणातच भूमिकेचे मर्म आहे. अखेरच्या दृश्यापुरते हे पटते. जीवघेणी उडी मारून झाल्यावर लोला पिंजऱ्यात बसली आहे, एक डॉलर देऊन तिच्या हाताचे चुंबन घेण्यासाठी पुरुषांची रांग लागली आहे आणि कॅमेरा त्या रांगेवरून मागे मागे सरकत जातो. तिथे अभिनयाची गरजच नाही. लिस्टबरोबरच्या प्रसंगात मात्र ती भासते आणि तिथे हा बचाव तोकडा पडतो.

कारोल यांच्या अभिनयाचे हे पुनर्मूल्यांकन सुरू झाले ते मुख्यतः १९६८ च्या प्रतीनंतर. त्या फेब्रुवारी १९६७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी निधन पावल्या होत्या.