शिडाच्या नौकेला विजेची जोड

बेंगळूरच्या जे. पी. नगरापासून समुद्र सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. तरीही शिडाच्या नौकेसाठी विद्युत्‌चलित्र, म्हणजे विजेची मोटर, कसे निवडावे याचा आरंभ तेथील रस्त्यावरून करता येईल. विजेवर चालणारी दुचाकी एकदा वेगात आली, की मूठ सैल सोडल्यावरही बरेच अंतर आपोआप कापते. उतारावर तर काही दुचाक्यांचे चलित्र उलट जनित्राचे काम करून घटमालेत थोडी वीज परत भरते. पाण्यावरही असाच अनुभव येईल, असे मानणारा मात्र फसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते, आणि नौकेला ते सतत बाजूस सारावे लागते. शिवाय पुढे सरकताना ती स्वतःच लाटा उठविते, आणि त्या लाटांवर तिची शक्ती खर्ची पडते.

या लाटांचा हिशोब विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने मांडला. १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे बांधलेल्या एका लांब हौदात तो नौकांच्या लहान प्रतिकृती ओढून पाही. जलरेषेवरील लांबी ९ मीटर असलेल्या सामान्य बांधणीच्या जड नौकेचा वेग ताशी ७ सागरी मैलांच्या आसपास गेला, की ती आपल्याच दोन लाटांच्या खोबणीत अडकते. त्यापलीकडे शक्ती कितीही ओतली, तरी वेग फारसा वाढत नाही. त्याआधीच्या टप्प्यातही शक्तीची गरज ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. अशा एका नौकेला ताशी ४ सागरी मैल चालण्यास २ किलोवॉट शक्ती लागते, आणि तिच्या घटमालेत १० किलोवॉट-तास ऊर्जा आहे, असे धरू. ती पाच तास चालेल व २० सागरी मैल जाईल. तिच्या धन्याला घाई झाली आणि त्याने ताशी ६ मैलांचा आग्रह धरला, तर पावणेसात किलोवॉट लागतील. घटमाला दीड तासात रिकामी होईल, आणि अंतर पडेल जेमतेम ९ मैल. मोठ्या लाटांचा खर्च यात धरलेलाच नाही. तेव्हा अश्वशक्तीच्या आकड्याला भुलण्यापूर्वी, आपल्याला किती सावकाश जाणे परवडेल, हे ठरविलेले बरे.

डिझेलशी तुलना केली, की विजेची मर्यादा स्पष्ट दिसते. १० किलोवॉट-तास साठविणारी लिथियमची घटमाला सुमारे १०० किलो भरते. तेवढेच काम लहान इंजिन तीन-चार लिटर डिझेलमध्ये करते. केवळ यंत्राच्या बळावर शेकडो मैल जायचे असेल, तर वीज आजही अपुरी आहे, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. पण शिडाच्या नौकेची गोष्ट निराळी. तिचे खरे इंजिन वारा. दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडांच्याच आधाराने. ही १७ मीटर लांबीची नौका गोव्यातील दिवाड बेटावर बांधलेली.

मग चलित्र हवे कशाला? धक्क्यापासून सुटण्यासाठी, वारा पडल्यावर, आणि मुख्य म्हणजे नदीच्या मुखातून आत येताना. मांडवीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते, तेथे समोरून वाराही आला तर तासभर नेटाने पुढे सरकण्याइतके बळ नौकेत असलेच पाहिजे. प्रवाह ताशी २ मैलांचा असेल, तर पाण्यातून ४ मैल चालणारी नौका किनाऱ्याच्या दृष्टीने दोनच मैल पुढे जाते. काटकसरीच्या नादात हे बळ सोडणे म्हणजे नौका खडकावर नेणे.

बळ आणि काटकसर यांचा मेळ प्रचालकात, म्हणजे कोळी ज्याला पंखा म्हणतात त्यात, घालता येतो. थोडे पाणी जोराने मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलणे स्वस्त पडते. म्हणून मोठ्या व्यासाचा, संथ फिरणारा पंखा उत्तम. कमी फेऱ्यांतही विजेचे चलित्र पूर्ण पीळ देते, त्यामुळे ते त्याला चांगले जुळते. मात्र शिडावर चालताना हाच मोठा पंखा पाण्यात अडसर होतो. त्यावर दोन तोडगे आहेत. पाती मिटणारा पंखा घ्यावा, किंवा तो पाण्याच्या ओघाने फिरू देऊन घटमाला भरावी. दुसऱ्या उपायाने ताशी ६-७ मैलांच्या वेगाला काही शे वॉट मिळतात. दिवे आणि दिशादर्शक यंत्रे त्यावर चालतात. त्याची किंमत वेगात मोजावी लागते.

यंत्रे येण्यापूर्वी कोकणचा तांडेल पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परते. खाडीत शिरण्यासाठी भरतीची वाट पाहत तो मुखाबाहेर नांगर टाकून बसे. तेच वेळापत्रक पाळले, तर मांडवीतून आत येणाऱ्या नौकेला दोन मैलांचा प्रवाह पाठीशी मिळतो, आणि २ किलोवॉटवर ती ताशी ६ मैल किनारा कापते.