होम थिएटरची ध्वनिपरीक्षा आणि चित्रपटांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

गेल्या दोन-अडीच दशकांत होम थिएटर ही संज्ञा मध्यमवर्गीय घरांत रूढ झाली आहे. नवी यंत्रणा बसविल्यावर आप्तस्नेह्यांना निमंत्रण दिले जाते आणि बहुधा सर्वाधिक स्फोट असलेला चित्रपट लावला जातो. प्रारंभी सर्वजण थक्क होतात. परंतु थोड्याच वेळात 'पात्रे काय बोलतात ते कळत नाही' अशी ज्येष्ठांची तक्रार येते. मग संवादाच्या वेळी आवाज वाढवायचा आणि स्फोटाच्या वेळी कमी करायचा, अशी यजमानाची धावपळ सुरू होते. प्रस्तुत लेखात यंत्रणेचा खरा कस लावणारे चित्रपट कोणत्या निकषांवर निवडावेत, याचा विचार केला आहे.

यंत्रणेचे स्वरूप :

५.१ रचनेत समोर डावा, मध्य व उजवा असे तीन आणि श्रोत्याच्या बाजूंना, किंचित मागे, दोन सराउंड स्पीकर असतात. '.१' म्हणजे सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या मंद्र ध्वनीसाठी राखलेली स्वतंत्र वाहिनी. तिचा आवाज सबवूफरमधून येतो. चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल पद्धती 'बॅटमॅन रिटर्न्स' (१९९२) या चित्रपटाबरोबर, तर डीटीएस पद्धती 'ज्युरासिक पार्क' (१९९३) बरोबर आली. बहुतांश संवाद मध्य स्पीकरमधून येतात. त्यामुळे स्फोटाने केवळ सबवूफरची ताकद कळते. उर्वरित यंत्रणेविषयी फारसे काही कळत नाही.

निवडीचे निकष :

१) संवादांची स्पष्टता : हा प्रथम निकष होय. 'लगान' (२००१) मध्ये संवाद नंतर स्टुडिओत न भरता चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित केले गेले. त्यामुळे उघड्या माळरानाचा अवकाश आवाजात टिकून राहिला आहे. क्रिकेट सामन्यात जमावाचा गलका चालू असताना प्रत्येक शब्द सहज कळला, तर मध्य स्पीकर योग्य जागी आहे असे समजावे.

२) आवाजाचा पल्ला : 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधील समुद्रकिनाऱ्यावरील युद्धप्रसंगात पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा पाण्याखाली जाताच गोळीबार बोथट होतो. कॅप्टनला क्षणभर ऐकू येईनासे झाले की प्रेक्षकाचेही कान बधिर होतात. गोंगाट आणि बधिरता यांतील हे अंतर जी यंत्रणा राखते, तीच सक्षम म्हणावी.

३) दिशा : 'ग्रॅव्हिटी' (२०१३) मध्ये अंतराळातील निर्वात स्थितीमुळे आघातांचे आवाज हवेतून येत नाहीत, स्पर्शातून पोहोचणारी कंपने तेवढी ऐकू येतात. पात्रांचे आवाज मात्र त्यांच्या हालचालीबरोबर खोलीभर फिरतात. एखादा सराउंड स्पीकर चुकीचा जोडला असल्यास येथे तत्काळ लक्षात येते.

४) शांतता : 'सैराट' (२०१६) च्या गाण्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे मुद्रण अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झाले, त्या वाद्यवृंदाचा भरदारपणा कोणत्याही प्रात्यक्षिकास शोभेल. परंतु अखेरच्या प्रसंगातील नि:शब्दता ही अधिक कठोर परीक्षा आहे. अशा वेळी स्पीकरची घरघर, पंख्याचा आवाज, शेजारच्या खोलीतील फ्रिज हे सारे ऐकू येऊ लागते आणि प्रसंगाचा परिणाम भंगतो.

खोलीचा प्रभाव :

१२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा ध्वनी समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमतो. भिंतीलगत बसलेल्यास तो अति जाणवतो, मध्यभागी बसलेल्यास क्षीण वाटतो. म्हणून पाहुण्यांच्या प्रत्येक आसनावर बसून एकच प्रसंग आधी ऐकून घ्यावा आणि सबवूफरची जागा बदलून पाहावी. शिवाय, कमी आवाजात मानवी कानास मंद्र स्वर तुलनेने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे आवाज कमी ठेवल्यावर सबवूफर वाढविण्याचा मोह होतो. तथापि मंद्र ध्वनी भिंती ओलांडून शेजाऱ्यांकडे सहज पोहोचतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, याचे भान सदनिकेत राहणाऱ्यांनी ठेवणे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष :

सारांश, प्रात्यक्षिकाची सुरुवात संवादप्रधान प्रसंगाने करावी, त्यानुसार आवाजाची पातळी निश्चित करावी आणि नंतर ती बदलू नये. त्याच पातळीवर युद्धाचा कल्लोळ सुसह्य वाटला व कुजबुजही कळली, तर यंत्रणा, खोली व चित्रपट या तिन्हींची निवड सार्थ ठरली असे म्हणता येते. घरातील सर्वात वयोवृद्ध श्रोत्याला कथा अखेरपर्यंत कळली आणि यजमानाला रिमोटला हात लावावा लागला नाही, हेच उत्तम ध्वनियंत्रणेचे विश्वसनीय प्रमाण होय.